पाणी पिऊन निघ

"ताई, मी २४ वर्षांची आहे. शिरपूर तालुक्यातल्या एका गावात राहते. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, दोन कुबड्यांवर चालते. गेल्या वर्षी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, झाली. एका संस्थेत वृद्धांच्या आणि मानसिक आरोग्याच्या प्रकल्पावर काम मिळतंय. अकरा महिन्यांचा करार, महिना पंधरा हजार. पुढच्या मंगळवारी मुलाखत आहे. आप्पा म्हणतात, दिव्यांग कोट्यातून बँकेची परीक्षा दे, सावलीत बसून काम कर. घरी चार एकर कापूस आहे, भाऊ सुरतला कामाला आहे. फील्डवर्कच्या वेळी आमचे एक सुपरव्हायझर सगळ्यांसमोर म्हणाले होते, 'जिला स्वतःलाच आधार लागतो, ती म्हाताऱ्यांना काय आधार देणार?' ते डोक्यातून जात नाही. फील्डवर सकाळी निघाले की संध्याकाळी घरी येईपर्यंत मी पाणी पीत नसे, कारण जायची सोय कुठेच नसते. मुलाखतीत माझ्या अडचणी सांगू की लपवू? या क्षेत्रात खरंच पुढे काही आहे का? आणि शेवटचं, कधी कधी मलाच जगणं जड वाटतं. मग मी दुसऱ्यांच्या मनाचं काय बघणार?"
— अ., शिरपूर तालुका

प्रिय अ.,

तुला 'तू' म्हणते, माझ्या भाचीच्या वयाची आहेस.

तुझे प्रश्न तीन आहेत, पण मी थांबले ते पाण्याच्या वाक्यापाशी. एसटीची वेळ सांगावी तसं तू ते सहज लिहून गेलीस. मी मात्र ते वाचून थोडा वेळ पत्र बाजूला ठेवलं. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला, उजव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा धातूच्या पट्ट्यांचा सांगाडा, आला, आणि नोकरीला लागल्यापासून जवळजवळ पंधरा वर्षं मीही दिवसभर पाणी पीत नव्हते. धुळे-जळगावच्या उन्हात, मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ च्या घरात असतो आणि कॅलिपरची पट्टी हाताला चटका देते, तेव्हासुद्धा. त्याची किंमत मूतखड्यांच्या दोन ऑपरेशनांनी वसूल झाली. पाण्याकडे परत येणार आहे, कारण तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिथंच आहेत. पण आधी तुझा शेवटचा प्रश्न.

'जगणं जड वाटतं' हे तू कोणत्या अर्थानं लिहिलंस ते पत्रातून मला कळत नाही, म्हणून सरळ विचारते. मरून जावं असं मनात येतं का? कसं, केव्हा, असा विचार पुढे जातो का? असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार भरला जात नाही. विचारणारं कुणीतरी भेटलं म्हणून माणसाचा श्वास मोकळा होतो, हे मी कामात पुष्कळदा पाहिलंय. उत्तर 'हो' असेल तर पुढचं वाचू नकोस, आधी १४४१६ वर फोन लाव. ती टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि आजच आईला किंवा एका मैत्रिणीला सांग. तुमच्याकडे कापूस आहे म्हणजे फवारणीचं औषध घरात कुठंतरी असणारच. ते कुलपात ठेवायला आप्पांना सांग, किल्ली त्यांच्याकडे राहू दे. हे मी प्रत्येक शेतकरी घराला सांगते, घरात कुणी उदास असो वा नसो. तो वाईट क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो, आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं.

उत्तर 'नाही' असेल, नुसतं रितं आणि थकल्यासारखं वाटत असेल, तरी बघ. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप उडाली असेल, जेवण नकोसं झालं असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखव. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तुझ्याकडून फार लांब नाही. माझी आई गेली त्या वर्षी मी अकरा महिने नैराश्याच्या गोळ्या घेतल्या, नोकरी सांभाळून. पहिले तीन महिने माझं काम नीट होत नव्हतं. तेव्हा मी वरिष्ठांना सांगून अवघड केसेस सहकाऱ्याकडे दिल्या, सोप्या माझ्याकडे ठेवल्या. ते सांगायला जड गेलं. पण न सांगता रेटत राहिले असते तर कुणाच्या तरी घरात माझ्या हातून चूक झाली असती.

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. शंभर माणसांची ग्रामसभा भरली तर त्यातली दहा. या क्षेत्रात काम करणारी माणसं त्या दहांच्या बाहेरूनच येतात असं थोडंच आहे? उपचार घेऊन काम करता येतं. उपचार टाळून दुसऱ्यांना उपचार घ्या म्हणून सांगणं मात्र मला जमलं नसतं, तुलाही जमू नये.

आता पाणी.

२००४ चा मे महिना. चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं एक गाव. आम्ही दोघं जण वृद्धांच्या पाहणीसाठी घरोघर फिरत होतो. एका घरी सून दारातच म्हणाली, "ताई, सासूले याड लागनं." आजी सत्तरीच्या पुढच्या. दोन दिवसांपासून मेलेल्या भावाला हाका मारत होत्या, रात्री उठून भिंतीत दार शोधत होत्या, सुनेला ओळखत नव्हत्या. भगत येऊन गेला होता, लिंबू उतरवून झालं होतं. माझा सहकारी हुशार मुलगा. त्यानं वहीत 'स्मृतिभ्रंश' लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलं.

मी आजींच्या खाटेवर बसले. ओठ फुटलेले, जीभ टाळूला चिकटत होती. सुनेला विचारलं, पाणी किती पितात? "मी देते, पण त्याच घेत नाहीत." का घेत नाहीत ते मला घर बघून कळलं. संडास परसात, गोठ्याच्या मागे, तीन उंच पायऱ्यांवर. धरायला काही नाही. संक्रांतीच्या सुमारास आजी तिथं पडल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी हळूहळू पाणी तोडलं होतं आणि घरात कुणाला बोलल्या नव्हत्या. लेकाला काय सांगणार?

हे मला दिसलं आणि त्याला दिसलं नाही, याचं कारण सांगते. त्या दिवशी सकाळपासून मीही पाणी प्यायले नव्हते. कुठल्याही घरात शिरले की माझी नजर आधी संडास कुठे आहे, पायऱ्या किती, हाताला धरायला काय आहे ते बघते. ही सवय मला कॉलेजनं लावली नाही, पायानं लावली.

आजींना तालुक्याला नेलं. लघवीत जंतुसंसर्ग निघाला, अंगातलं पाणी पार कमी झालेलं. सलाइन लागलं, औषधं झाली. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "कोनी पोर शे तू?" कुणाची मुलगी आहेस तू? मी बाहेर जाऊन रडले. मग गावच्या सुताराकडून एका जुन्या लाकडी खुर्चीला मधोमध भोक पाडून घेतलं, खाली बादली. खाटेपासून मागच्या दारापर्यंत हाताला लागेल असा बांबू बांधला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या गल्लीत अशा तीन खुर्च्या झाल्या.

ही गोष्ट तुझ्या कामाची आहे म्हणून नीट लक्षात ठेव. म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागलं, सकाळी बरं आणि संध्याकाळी भ्रमलेलं असं होऊ लागलं, तर तो आधी शरीराचा आजार समजायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. पाणी कमी होणं, लघवीचा संसर्ग, क्षार कमी-जास्त होणं, नवं औषध, काहीही असू शकतं. याला डेलिरियम म्हणतात आणि तो बहुतेक वेळा बरा होतो. स्मृतिभ्रंश महिन्यांनी, वर्षांनी वाढत जातो. आणि नैराश्य तिसरंच. त्यात माणूस 'मला आठवत नाही, मला जमत नाही' असं स्वतःच सांगत राहतं. तिन्हींना आपल्याकडे एकच शब्द, वेड. या एका शब्दापायी किती म्हातारी माणसं मागच्या खोलीत पडून राहिली असतील!

तुला कुणी सांगेल की सुगम्यता, म्हणजे अपंगांना सगळीकडे सहज जाता-वापरता येणं, हा एक विषय, वार्धक्य दुसरा, मानसिक आरोग्य तिसरा. कॉलेजात पेपरही वेगवेगळे असतात. आजींच्या घरी तीन पायऱ्यांनी पाणी तोडलं आणि पाण्यानं भान नेलं. त्यातला तुझा विषय कोणता, सांग बरं? म्हणून संस्थेत कुणी विचारलं की तुझा कल नेमका कशाकडे, तर एकच कप्पा निवडायची घाई करू नकोस.

तुझे ते सुपरव्हायझर. असं वाक्य विद्यार्थिनीला सगळ्यांसमोर ऐकवणं चूक होतं, आणि मजकूर म्हणूनही ते चूक होतं. आधार लागणारं माणूस आधार देऊ शकत नाही, हे खरं धरलं तर नातवंडं सांभाळणाऱ्या निम्म्या आज्या घरी बसवाव्या लागतील. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं नाव तू ऐकलं असशील. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर लुळं पडलं, आणि चाकाच्या खुर्चीवरून त्यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांना आधार लागत नव्हता असं नाही. लागत होता, तो त्या घेत होत्या आणि काम करत होत्या.

पण दुसरी बाजूही तुला सांगायला हवी, नाहीतर मी तुझी फसवणूक करेन. अपंगत्व आपल्याला नजर देतं, कौशल्य देत नाही. (कागदावर मी दिव्यांग आहे. बोलताना स्वतःला अपंग म्हणते, तो शब्द मला माझा वाटतो. तुला जो वाटेल तो तू वापर.) माझी एक मोठी चूक सांगते. शिंदखेडा तालुक्यात एका शेतकऱ्याला अर्धांगवायू झाला होता. वय पासष्ट. वॉकर दिला होता, पण तो घेऊन ते ओट्यावर यायला तयार नव्हते. मी माझा कॅलिपर दाखवून म्हणाले, "बाबा, मी बघा, लहानपणापासून वापरते, लाजते का?" त्यांनी तोंड फिरवलं आणि पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत. मला वर्षभरानं उमगलं. मी कॅलिपरसोबत वाढले, माझं दुसरं शरीर मला आठवतच नाही. त्यांनी चाळीस वर्षं औत धरलं होतं आणि एका रात्रीत हात गेला. त्यांचं दुःख गमावण्याचं होतं, माझ्याकडे त्याचा अनुभव नव्हता, आणि मी माझ्या अनुभवानं त्यांचं तोंड बंद केलं. तुझ्या कुबड्या तुला दार उघडून देतील. आत गेल्यावर गप्प बसून ऐकणं शिकावं लागतं, ते तुला, मला आणि दोन पायांवर चालणाऱ्याला सारखंच शिकावं लागतं.

एक गोष्ट मात्र तुझ्याकडे आहे, जी पुण्या-मुंबईहून आलेल्या कार्यकर्त्याला वर्षभर राहूनही येत नाही. तू घरी अहिराणी बोलतेस ना? कॉलेजात तुला 'शुद्ध बोल' म्हणून सांगितलं असणार, मलाही सांगितलं होतं. आपल्याकडची आजी 'मला नैराश्य आलंय' असं कधीच म्हणणार नाही. ती म्हणेल, "माले काहीच गोड लागत नही, माय." काळीज धडधडतं म्हणेल, डोकं जड म्हणेल, अंगात मुंग्या येतात म्हणेल, आणि तिचा ईसीजी चांगला निघेल. पोरं पुण्याला, नाशिकला, सुरतला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, चार दिवस घर भरतं, आणि पाचव्या दिवशी ती आजी खाटेवरून उठत नाही. हे प्रश्नावलीत सापडत नाही. आखाजीनंतरच्या आठवड्यात एकट्या म्हाताऱ्यांकडे चक्कर मारायची, हे मी बावीस वर्षं पाळलं. तूही पाळ. सातपुड्याच्या बाजूला काम पडलं तर मात्र तुलाही नव्यानं कान लावावे लागतील. पावरी, भिलोरी या आदिवासी बोलींतलं दुःख अहिराणीत आपोआप कळत नाही.

आता मुलाखत. सांग. लपवू नकोस.

१९९४ मध्ये माझ्या पहिल्या मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, "खेड्यात फिरणार कशा?" मी म्हणाले, "मला काही अडचण नाही, सर." त्या एका वाक्यानं मी स्वतःला बांधून घेतलं. अडचण नाही म्हटल्यावर गाडी कशी मागणार? पावसाळ्यात काळ्या मातीत काठी वीतभर रुततेय, हे कुणाला सांगणार? मी तीन-तीन किलोमीटर चालत गेले, कुणाच्या नजरेत कमी पडू नये म्हणून. पोलिओ झालेल्यांना पुढे पंधरा-वीस-तीस वर्षांनी नव्यानं स्नायूंची अशक्तता आणि थकवा येऊ शकतो, त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आता माझा चांगला पायही दमतो, खांद्यानं उत्तर दिलंय, लांबच्या अंतराला चाकाची खुर्ची लागते. तुझा आजार वेगळा आहे, पण सेरेब्रल पाल्सीत चालायला इतरांपेक्षा पुष्कळ जास्त ताकद खर्च होते आणि सांधे लवकर झिजू शकतात. तुला हे काम तीस वर्षं करायचं असेल तर तुझे खांदे तीस वर्षं टिकले पाहिजेत. अपंग माणूसही म्हातारं होतं, हे आपल्याला शिकवणारं आजूबाजूला कुणी नसतं, म्हणून सांगते.

मुलाखतीत रडगाणं गायचं नाही आणि माफीही मागायची नाही. पगार विचारतो त्याच आवाजात विचारायचं. कार्यालयात मला वापरता येईल असं शौचालय आहे का? गावभेटीला गाडी किंवा सोबत मोटारसायकलवाला कार्यकर्ता मिळेल का? मे महिन्यात भेटी सकाळी अकराच्या आत आणि संध्याकाळी ठेवता येतील का? (त्या वेळी तर म्हातारी माणसंही बोलायच्या मनःस्थितीत असतात, दुपारी सगळेच ग्लानीत.) दिवसाला किती घरं अपेक्षित आहेत? शेवटचं फार महत्त्वाचं आहे. आठ घरं म्हणाले तर सांग, मी पाच करेन आणि पाचही नीट करेन. ठरेल ते नेमणूकपत्रात किंवा निदान ईमेलवर लिहून घे.

याला कायद्यात आधार आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सरकारी आस्थापनांना नोकरीत भेदभाव करायला मनाई करतो आणि वाजवी सोयी द्यायला सांगतो. त्याच कायद्यानं प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगितलंय, आणि खासगी आस्थापनेत वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर ते धोरण सविस्तर असावं लागतं. तेव्हा विचार, "तुमचं समान संधी धोरण बघायला मिळेल का?" संस्था लहान असेल तर कदाचित हा शब्दही त्यांनी ऐकला नसेल. रागावू नकोस, समजावून सांग, ते तुझं तिथलं पहिलं काम समज. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा. हे वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते संस्थेलाही कळू दे.

आणि रॅम्प दाखवतील तर तो डोळ्यांनी बघ. आपल्याकडे रॅम्प म्हणजे पायऱ्यांवर ओतलेलं सिमेंट. उतार एकास बारा हवा. ओटा दोन फूट उंच असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब लागतो. किती ग्रामपंचायतींसमोर तू चोवीस फुटांचा रॅम्प पाहिलास? सहा फुटांत संपवलेला असतो, त्यावरून कुबडी घेऊन उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. हे मोजायला एक टेप पुरते. ती पिशवीत ठेव. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठं गेले हे ग्रामसभेत विचारणारं माणूस बहुतेक गावांत नसतं, ते तू होऊ शकतेस. असंच एसटीचं. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला, आजी-आजोबांना खरंच आनंद झाला. पायरी मात्र होती तेवढीच उंच राहिली.

पुढे काही आहे का, विचारतेस. आहे, पण दिसेल अशी सरळ शिडी नाही. आज तुझ्याकडे एमएसडब्ल्यू आहे. मानसिक आरोग्याचं काम तू करू शकतेस, पण 'सायकियाट्रिक सोशल वर्कर' (मानसिक आजारांच्या कामासाठी खास शिकलेला समाजकार्यकर्ता) ही पदवी लावू नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तिची व्याख्या केलीय, त्यासाठी एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, बाकीची एम.फिल. बंद केली तेव्हाही या अभ्यासक्रमाला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या वर्षी काय मान्य आहे ते लेखी विचारून घे. हे शिक्षण घ्यावं असं मला मनापासून वाटतं. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. आपल्या खान्देशात एकही नाही. म्हणून इथं गावातच काम करणारी, शिकलेली माणसं हवीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात तुझ्यासारख्यांची जागा असते, सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, टेली-मानसवर समुपदेशक लागतात. उच्च शिक्षणात दिव्यांगांना ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात पाच वर्षांची सवलत आहे, म्हणजे दोन-तीन वर्षं काम करून मग गेलीस तरी उशीर होत नाही. माझ्या मते तसंच जा. गावात काम करून गेलेली विद्यार्थिनी वर्गात वेगळे प्रश्न विचारते.

वृद्धांच्या कामात एक कायदा पाठ करून ठेव, २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा. प्रांताधिकाऱ्यांपुढे साध्या कागदावर अर्ज करता येतो, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर शेत नावावर करून दिलं आणि मुलानं सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. अट कागदात लिहिलेली असली पाहिजे, हे सही करण्याआधी म्हाताऱ्याच्या कानावर घालणं ही मोठी सेवा आहे. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. फळ्यावर लिहून येत जा, प्रत्येक गावात.

राहिले आप्पा. ते चुकीचे नाहीत, हे आधी मान. अकरा महिन्यांचा करार म्हणजे बाराव्या महिन्याची काळजी, आणि चार एकर कोरडवाहू कापसावर ती काळजी काय असते ते त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. प्रकल्प बंद पडतात, पगार तीन-तीन महिने अडकतात, मी हे सोसलंय. तुझ्या एकटीच्या पगारावर घर चालणार असतं तर मी तुला बँकेत जा म्हटलं असतं आणि त्यात कमीपणा मानला नसता. बँकेत पेन्शन काढायला आलेल्या आजीला काउंटरवर नीट बोलणारी मुलगी भेटली तर तेही काम आहेच. पण भाऊ कमावतोय, घर चाललंय, आणि तुझ्या पत्रात बँकेबद्दल एक ओळ आहे, गावातल्या म्हाताऱ्यांबद्दल न लिहिलेलं बरंच काही आहे. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. शौचालय, गाडी आणि घरांची संख्या या तीन गोष्टी लेखी मिळाल्या तर ही नोकरी घे. या तीन गोष्टींना त्यांनी तोंड वाकडं केलं तर घेऊ नकोस, कितीही चांगली संस्था असली तरी. जी संस्था स्वतःच्या कार्यकर्तीला पाणी पिऊ देत नाही, ती म्हाताऱ्यांचं काय करणार? मग बँकेची परीक्षा दे आणि दुसरी जागा शोधत राहा. नोकरी घेतलीस तरी पहिलं वर्ष परीक्षेचा अभ्यास सोडू नकोस. आप्पांना तेवढा शब्द दे, त्यांनाही रात्री झोप लागू दे.

आणि प्रत्येक आठवड्याला एक तास, कुणा अनुभवी माणसाशी आपल्या केसेसबद्दल बोलायचं. संस्थेत अशी पद्धत नसेल तर सुरू करायला लाव. न बोलता साठवलेल्या दुसऱ्यांच्या दुःखानं माणूस आतून कुजतं. तुझ्या 'जड वाटतं'मध्ये थोडा भाग त्या फील्डवर्कच्या घरांचाही असेल, असं मला वाटतं. तसं असेल तर मला पुन्हा लिही. कोणतं घर, काय पाहिलंस.

मंगळवारी जाताना पाण्याची बाटली सोबत घे आणि वाटेत पी. लवकर पोच, आधी त्यांचं शौचालय बघून ये. कडी आतून लागते का, धरायला दांडा आहे का, फरशी ओली असते का बघ. कुबडीच्या टोकांची रबरं घासली असतील तर त्याआधी बदल, ओल्या फरशीवर जुनं रबर दगा देतं. आणि टेप लावून बघ, दार नव्वद सेंटिमीटर भरतं का. मुलाखतीचं काय झालं ते कळवशीलच, दाराचं मापही कळव.

तुझी,
ताई